वेल्डिंग मशीनचा प्लग : तिसरी वायर सोडू नका

नांगराचा फाळ तुटला की आता दर वेळी तालुक्याला जावे लागत नाही. वस्तीवरही छोटी वेल्डिंग मशीन आली आहेत. पण प्लग जोडताना मात्र 'दोन वायरी खुपसल्या की झालं' म्हणतात. धोका तिथेच आहे.

प्लगची लांब, जाड पिन अर्थिंगची. तिला हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर जोडा. 'एल' खुणेला फेज, म्हणजे लाल किंवा तपकिरी. 'एन'ला न्यूट्रल, काळी किंवा निळी. आतली फेज मशीनच्या पत्र्याला टेकली, तर करंट अर्थिंगमधून जमिनीत जातो. ती नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो! जॉबला लावायच्या चिमट्यालाही 'अर्थ' म्हणतात, पण तो वेगळा. त्याच्या भरवशावर हिरवी वायर तोडू नका.

जोडणीपूर्वी प्लग बोर्डातून काढा. वायर स्क्रूखाली घट्ट आवळा, एकही तार सुटी नको. केबलवरची पट्टी आवळा, म्हणजे हिसका जोडाला बसत नाही. मशीनच्या पाटीवरचा इनपुट करंट वाचा. तो 16 अँपिअरहून जास्त असेल तर 32 अँपिअरचा औद्योगिक प्लग-सॉकेट आणि त्या क्षमतेची केबल व एमसीबी लागते. प्लग तापला तर काम थांबवा.

बोर्डाला अर्थिंग आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबीही बसवा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. सरपंचांनीही ग्रामपंचायतीचे काम करणाऱ्या वेल्डरचा प्लग आधी पाहावा, मगच काम सांगावे.