तेलीबांध्याहून नवेगावबांधकडे : चाकांवरचे बिऱ्हाड आणि हिवाळी पाहुणे

रायपूरच्या तेलीबांधा तलावाभोवती हिवाळ्यात पहाटेपासूनच फिरणाऱ्यांची वर्दळ असते. फरसबंद वाट, दिव्यांची रांग आणि बांधून काढलेला काठ यांमुळे शहरवासीयांनी या तलावाला हौसेने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणायला सुरुवात केली. परंतु दुर्बीण घेऊन निघालेल्या प्रवाशाने येथे चहा घ्यावा आणि गाडी पुढे काढावी, हे उत्तम.

याचे कारण पाण्यात नाही, काठात आहे. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही बदके शेपटी वर करून, मान बुडवून अन्न शोधतात. मान पोहोचेल तेवढेच खोल पाणी त्यांच्या उपयोगाचे. लालसरी बुडी मारते. तिला थोडे खोल, पण पाणवनस्पतींनी भरलेले पाणी हवे. टिलवे आणि तुतवार तर ओल्या चिखलातच चोच खुपसतात. काठ सरळ बांधला की पाणी एकदम खोल होते आणि या तिन्ही पंगती एकाच वेळी उठतात.

निरनिराळे काठ ओळीने पाहायचे, तर मुक्कामाची गाडी, म्हणजे कॅम्परव्हॅन, सोयीची ठरते. झोपण्याची जागा, छोटा ओटा व पाण्याची टाकी सोबत असल्याने सूर्योदयाला तलावाजवळ पोहोचता येते. शिवाय चालत्या माणसाला बुजणारे पक्षी उभ्या गाडीला सहसा बुजत नाहीत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००९ मध्ये आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा पर्यटनासाठी धोरण आखले. मुक्कामी गाड्या या भागाला तशा नव्या नाहीत. १८७७ मध्ये चौदा वर्षांचे नरेंद्रनाथ, म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद, कुटुंबीयांसह रायपूरला आले तेव्हा प्रवासाचा मोठा टप्पा बैलगाडीचाच होता.

पहिला थांबा रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूर रस्त्याने नांदघाटजवळ, बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदा येथे घ्यावा. गावतलाव आणि जलाशयांच्या या परिसरात २०२१ मध्ये पक्षी महोत्सव भरला होता. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब येथे दिसू शकतात. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू अधिक सहजतेने धरून ठेवते. इतक्या उंचीवरचे उड्डाण साधण्यास त्याची त्यांना मदत होते.

तेथून बेमेतरा, धमधा, दुर्ग, राजनांदगाव असे उतरत राष्ट्रीय महामार्ग ५३ ने देवरीजवळ महाराष्ट्रात प्रवेश होतो. कोहमारा येथून दक्षिणेकडे वळले की नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधल्याचे सांगतात. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील सेवेची कित्येक वर्षे येथे घालवली आणि येथील पाणपक्ष्यांची मराठी वाचकाला ओळख करून दिली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते निवर्तले.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो मालगुजारी तलाव आहेत. त्यांची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. एका बाजूला मातीची पाळ, उरलेल्या बाजूंना शेताजंगलात हळूहळू चढत जाणारा मोकळा उतार. धानाला पाणी सोडले की पातळी उतरते आणि रोज नवा चिखल उघडा पडतो. तलाव बांधले गेले भातासाठी. पंगत मांडली गेली पक्ष्यांचीही.

१९५० च्या दशकात मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले आणि गावाने मिळून गाळ काढण्याची रीत सैल पडली. उथळ काठावर बेशरम माजली, पाणवनस्पती नाहीशा झाल्या, मासे घटले. याचा फटका सर्वांत आधी ढीवर समाजाच्या चुलीला बसला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मच्छीमारांच्या सोबतीने काही तलावांत बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरडा काठ नांगरला आणि देशी पाणवनस्पती लावल्या. मासळी वाढली, पाठोपाठ पक्षीही आले. ज्या जाळ्यांमुळे पक्षी दूर जातात अशी शंका पर्यटकाला येते, ती जाळी टाकणारेच येथे काठाचे राखणदार निघाले!

प्रवाशासाठी काही सूचना. जड गाडी पाळीवर चढवू नये; मातीची पाळ खचते. ओट्याचे साबणाचे पाणी तलावात सोडू नये, रात्री प्रखर दिवे व जनित्र बंद ठेवावे. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत स्वतःच्या गाडीत मुक्काम करता येत नाही, म्हणून गावात किंवा विश्रामगृहाच्या आवारात परवानगी घेऊनच थांबावे. भाड्याची गाडी दोन राज्यांत नेताना परवाना आणि विमा दोन्ही राज्यांत चालतात, याची निघण्यापूर्वी खात्री करावी.

डिसेंबरात तलाव भरलेले असतात, तेव्हा बदके पाहावीत. चिखलपक्ष्यांसाठी जानेवारीचा उत्तरार्ध बरा. तोवर पाणी बरेच मागे हटलेले असते.