शिक्षकाचा वेळ व कामांचा अग्रक्रम

प्राथमिक शिक्षकाच्या कामांची यादी करू लागल्यास ती सहज एका पानाहून मोठी होते. अध्यापन, पाठांचे टाचण, वह्यांची तपासणी, हजेरीपट, शालेय पोषण आहाराची दैनंदिन नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, यू-डायसची माहिती, मतदारयादीचे काम, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचे इतिवृत्त आणि दिवसातून केव्हाही मोबाइलवर उमटणारी ‘आजच कळवावे’ अशी सूचना. ही सर्व कामे करावयाची आहेत हे खरे. परंतु ती सर्व एकाच मोलाची नाहीत, आणि सारखीच लांबणीवर टाकता येण्याजोगीही नाहीत. वेळेचे नियोजन म्हणजे अधिक घाईने काम करणे, अशी एक समजूत आढळते. वस्तुतः कोणते काम आधी व कोणते मागाहून हे ठरविणे, हाच त्यातील मुख्य भाग होय.

हे ठरविण्याची एक जुनी रीत आपल्याच जिल्ह्याच्या खाडीकाठी पाहावयास मिळते. ठाण्याच्या माजिवड्यापासून निघून येऊरच्या डोंगराच्या पायथ्याने आणि पुढे वसईच्या खाडीलगत जाणारा घोडबंदर रस्ता आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्या गावावरून त्याला हे नाव मिळाले ते घोडबंदर हे एके काळचे खाडीवरील बंदर. तेथील नावांची ये-जा भरती-ओहोटीच्या आधीन असे. तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरील जुना हिशेब आहे. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. खाडीत आत ती थोडी उशिरा पोचते. या हिशेबामुळे नाखव्याची कामे आपोआप दोन भागांत पडत. होडी पाण्यात लोटणे भरतीलाच बांधलेले. जाळे विणणे व होडीची डागडुजी करणे केव्हाही होण्यासारखे. भरतीच्या वेळी जाळे विणीत बसणारा नाखवा कष्टाळू असेलही, पण त्याची होडी त्या दिवशी चिखलातच राहावयाची.

शाळेतील भरती म्हणजे मुले वर्गात असण्याची वेळ. ती किती आहे याचा हिशेब करून पाहावा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० तास अध्यापन, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास सांगितले आहेत. म्हणजे खालच्या वर्गांना दिवसाला सरासरी ४ तास झाले. आता रोज केवळ १५ मिनिटे कोणत्याही कारणाने गेली, तर २०० दिवसांत ५० तास जातात. म्हणजे साडेबारा दिवस शाळा भरलीच नाही असे होते. मुलांची अशी साडेबारा दिवसांची गैरहजेरी हजेरीपटावर उतरली असती तर आपण पालकांना बोलावून घेतले असते. ही गैरहजेरी कोठेही उतरत नाही, म्हणून ती कोणास दिसत नाही.

ही १५ मिनिटे कशात जातात? पुष्कळदा एखाद्या माहितीच्या मागणीत. माहिती मागणारा माणूस असतो, त्याला मुदत असते, आणि मुदत टळली की स्मरणपत्र येते. याउलट तिसरीतील एखाद्या मुलीस जोडाक्षरे वाचता येत नाहीत, या गोष्टीचे स्मरणपत्र कोणी धाडीत नाही. ती स्वतः तक्रार करीत नाही. तिच्या आईवडिलांना पुष्कळ वेळा ते कळतही नाही. मागच्या बाकावर बसून ती फळ्यावरचे सुबक उतरवून घेते आणि वही तपासताना तिला ‘छान’ असा शेराही मिळतो. मग चौथी येते, परिसर अभ्यासाचे धडे येतात आणि तिला कोणताच विषय येईनासा होतो. मागणी असलेले काम होते व मागणी नसलेले काम राहते, हा केवळ शाळेचा नव्हे, सर्वच कारभाराचा स्वभाव आहे. म्हणून दिवसाची आखणी करताना ज्या कामाचे स्मरणपत्र कधीच येणार नाही, त्याची जागा आधी राखून ठेवावी. उरलेल्या जागेत इतर कामे बसवावीत, ती बसतात.

प्रत्यक्षात हे पुढीलप्रमाणे करता येईल. शाळा सुटल्यावर निघण्यापूर्वी टाचणवहीत दुसऱ्या दिवसासाठी दोन-तीन मुलांची नावे व प्रत्येकाचे एकेक काम लिहावे: ‘हिच्याकडून जोडाक्षरांच्या दहा शब्दांचे वाचन’, ‘याची हातच्याची वजाबाकी’. परिपाठानंतरचा पहिला अर्धा तास यासाठी ठेवावा. द्विशिक्षकी शाळेत जोडवर्ग असतात. तेव्हा वरच्या इयत्तेला याच वेळी स्वाध्याय द्यावा, व तो फळ्यावर आदल्या सायंकाळीच लिहून ठेवावा. ही तयारी म्हणजे शिक्षकाने पदरचा वेळ खर्चून केलेला उपकार नव्हे. उपरोक्त अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याचे किमान ४५ तास धरले असून त्यांत पूर्वतयारीचे तास समाविष्ट आहेत. कायद्याने जे काम मानले आहे ते आपणही काम मानावे.

माहितीच्या मागण्यांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. बहुतेक तक्त्यांत विचारलेली माहिती तीच ती असते: इयत्तावार व प्रवर्गवार पटसंख्या, आधार क्रमांक व बँक खाते असलेली मुले, दिव्यांग मुले, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पाण्याची सोय. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर ही माहिती एका कागदावर अद्ययावत करून मुख्याध्यापकांच्या मेजावर लावून ठेवावी. मग जो तक्ता शोधाशोधीत तास खातो तो दहा मिनिटांत भरता येतो. मोबाइलवरील सूचना मधल्या सुटीत व शाळा सुटल्यावर पाहाव्यात. दोन शिक्षक असतील तर हे काम एकाकडे आठवडाभर सोपवावे, म्हणजे दोन्ही वर्ग एकाच वेळी पोरके होणार नाहीत. एखादी माहिती खरोखरच त्याच तासाला हवी असेल तर केंद्रप्रमुख दूरध्वनी करतीलच. मागणी करणाऱ्या कार्यालयांतही ‘तातडीचे’ हा शिक्का फार सढळ हाताने उठविला जातो, हे तेथे बसणाऱ्या आम्हां मंडळींना ठाऊक असते. त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांची नेमणूक करता येत नाही. हे कलम भांडणासाठी वापरावे असे नाही. परंतु कोणती कामे टाळता येण्यासारखी नाहीत हे ठरविताना ते माहीत असावे.

आता प्रवासाविषयी. घोडबंदर रस्त्यावरील नव्या वसाहतींत राहून भिवंडी तालुक्यात, किंवा खाडी ओलांडून २०१४ साली वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात, शाळेस जाणारे शिक्षक थोडे नाहीत. न्हावाशेवा बंदराकडून गुजरातकडे जाणारी अवजड वाहने, माजिवड्याचा नाका व गायमुखचा घाट यांमुळे या रस्त्याचा नेम सांगता येत नाही. चांगल्या दिवशी एक तास व वाईट दिवशी पावणेदोन तास लागत असतील, तर पुष्कळजण मधला आकडा धरून घर सोडतात. सरासरी धरणारा माणूस वाईट दिवशी उशिरा पोचतोच, आणि वाईट दिवस आठवड्यातून एकदाच येतात असे नाही. पावणेदोन तास धरून निघावे. चांगल्या दिवशी जो पाऊण तास शाळेत आधी मिळेल, ती शांत वेळ वह्या तपासण्यास उत्तम असते. बसमध्ये उभ्याने वह्या तपासण्याची हौस करू नये. त्यात अक्षरही बिघडते आणि डोळेही.

दिवसाप्रमाणे वर्षालाही भरती असते, व ती सर्व मुलांची एक नसते. आदिवासी मुलांच्या वेळेचा विचार करूनच शाळा मांडण्याचे मोठे उदाहरण पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातलेच आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस व पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम उभे केले. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नाही असे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. मुले जेथे गुरे चारीत तेथे शिक्षक जात. आजच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत असाच प्रश्न वीटभट्टीचा आहे. दिवाळीनंतर कातकरी व इतर मजूर कुटुंबे भिवंडी-कल्याणकडील भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशा मुलासाठी आपल्या शाळेचे वर्ष जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतच असते. वार्षिक नियोजनात वाचन व संख्याज्ञान वर्षभर सारखे वाटलेले असते. या मुलांपुरते ते पहिल्या साडेचार महिन्यांत आणावे, आणि सहली, सजावट, स्नेहसंमेलनाची तयारी ही कामे दिवाळीनंतर ठेवावीत.

त्यासाठी अशा मुलांची यादी जूनच्या पहिल्या आठवड्यातच करावी. गेल्या वर्षीच्या हजेरीपटावर नोव्हेंबरपासून ज्यांच्या नावापुढे गैरहजेरीची ओळ लागली आहे, ती नावे उतरून घेतली की यादी तयार होते. कुटुंब कोणत्या भट्टीवर जाते हे पालकांकडून गणपतीच्या सुमारास विचारून ठेवावे आणि शिक्षण हमी कार्ड दिवाळीच्या सुटीपूर्वी भरून मुलाच्या हाती द्यावे. सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा पाड्यावरील घराला बहुधा कुलूप असते.