चाळीस वर्षांनी उमटणारी जखम

सैनिकाची जखम म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गोळी येते, बाँबचा तुकडा येतो, तुटलेला पाय येतो. अशी जखम जगाला दिसते आणि तिची तारीखही ठाऊक असते. आज आम्ही ज्या जखमेविषयी सांगणार आहो ती रणांगणावर होत नाही. ती जहाजाच्या पोटात, बॉयलरच्या शेजारी काम करता करता होते. होताना ती दुखत नाही. आणि ती उमटते तेव्हा अंगावरचा गणवेश उतरून तीस-चाळीस वर्षे लोटलेली असतात. अशा जखमेची भरपाई कोणाकडे आणि कशाच्या बळावर मागावयाची, हा आजचा प्रश्न. उदाहरण अमेरिकेतील माजी सैनिकांचे घेतले आहे, कारण तेथे या प्रश्नाची उत्तरे कायद्याने दिली आहेत. आणि त्या उत्तरांतील उणिवाही तेथेच स्पष्ट दिसतात.

आम्ही वकील नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या खात्यात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा विषय साध्या भाषेतच मांडू.

ॲस्बेस्टॉस हे खाणीत सापडणारे खनिज आहे. दगड पिंजला की त्याचे कापसासारखे तंतू होतात. ते जळत नाहीत, सडत नाहीत आणि उष्णता अडवून धरतात. वाफेवर चालणाऱ्या जहाजाला हे वरदानच वाटले. १९३० नंतरची चार-पाच दशके अमेरिकी आरमाराच्या जहाजांतून बॉयलर, टर्बाइन, वाफेचे नळ, पंप आणि झडपा यांना ॲस्बेस्टॉसचे वेष्टण किंवा गॅस्केट असे. दुरुस्तीसाठी ते वेष्टण फोडले की बंद जागेत धूळ उडे. त्यातला तंतू इतका बारीक असतो की तो श्वासाबरोबर फुफ्फुसात खोल जातो आणि तेथेच राहतो. पुढे कोणाची फुफ्फुसे घट्ट होऊन चार पावलांवर दम लागतो. याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. कोणाला फुफ्फुसाचा कर्करोग होतो. कोणाला मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग होतो. हा शेवटचा रोग फार क्रूर. निदानानंतर बहुतेक रोगी वर्ष-दोन वर्षांतच जातात. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ असे आपण हसत म्हणतो. या रोग्याच्या हिशेबात सहा महिने म्हणजे उरलेल्या आयुष्याचा मोठा वाटा असतो.

आता भरपाईकडे वळू. पहिला विचार मनात येतो तो असा, की ज्या सरकारने त्या जहाजावर पाठविले त्या सरकारवरच दावा का लावू नये? तो मार्ग बंद आहे. १९५० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरेस खटल्यात ठरविले, की सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर नुकसानीचा दावा लावता येणार नाही. मग तीन वाटा उरतात.

पहिली वाट माजी सैनिक खात्याची. येथे दावा लावावयाचा नसतो, अर्ज करावयाचा असतो. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. आज रोग आहे. सेवेत असताना ॲस्बेस्टॉसशी संबंध आला होता. आणि या दोहोंचा संबंध असल्याचे डॉक्टरचे मत आहे. अपमानास्पद रीतीने बडतर्फ झालेल्याला हा हक्क मिळत नाही. पुढे अपंगत्वाचे टक्के ठरतात. ॲस्बेस्टॉसिसमध्ये जोराने श्वास सोडावयास लावून फुफ्फुसाची धारणा मोजतात. निरोगी माणसाच्या मानाने ती ७५ ते ८० टक्के भरली तर अपंगत्व १० टक्के धरतात. ५० टक्क्यांच्या खाली गेली तर पूर्ण १०० टक्के. मेसोथेलिओमा हा कर्करोग असल्याने त्याला सामान्यतः १०० टक्केच लागतात. २०२५ सालच्या दराने १०० टक्के अपंगत्व असलेल्या एकट्या सैनिकाला महिना सुमारे ३,८३१ डॉलर मिळत. त्यावर प्राप्तिकर नाही. सैनिक या रोगाने गेला तर त्याच्या विधवेलाही मासिक भत्त्याचा हक्क आहे. त्याच वर्षी तो सुमारे १,६५३ डॉलर होता. आणखी एक चांगला नियम त्या कायद्यात आहे. पुराव्याची दोन्ही पारडी समसमान भरली, तर झुकते माप सैनिकाला द्यावे.

दुसरी वाट कोर्टाची. सरकारवर दावा चालत नसला तरी ज्या कंपन्यांनी हा माल बनविला त्यांच्यावर चालतो. १९७३ साली टेक्ससमधील एका वेष्टण-कामगाराच्या बोरेल खटल्यात अपील न्यायालयाने म्हटले, की मालातील धोक्याची सूचना न देणारा उत्पादक जबाबदार आहे. तो माणूस सैनिक नव्हता, साधा कामगार होता. पण त्याने उघडलेल्या वाटेने पुढे हजारो गेले. मग पंप आणि यंत्रे पुरविणाऱ्या कंपन्या म्हणू लागल्या, “आम्ही नुसते लोखंड दिले, ॲस्बेस्टॉस आरमाराने मागाहून बसविले.” २०१९ साली आरमारातील दोन माजी सैनिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव तसाच्या तसा मान्य केला नाही. तुमच्या यंत्राला तो भाग लागतोच, त्याने धोका होतो हे तुम्हांला ठाऊक आहे आणि वापरणाऱ्याला तो कळण्याजोगा नाही, तर सूचना देणे तुमचे कर्तव्य आहे, असा त्याचा मथितार्थ. निकाल येईपर्यंत ते दोघेही हयात नव्हते. खटला त्यांच्या बायकांनी चालविला.

तिसरी वाट ट्रस्टची. दाव्यांच्या भाराने १९८२ साली जॉन्स-मॅनव्हिल ही मोठी कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. दिवाळे काढून तिला मोकळे मात्र होता आले नाही. पुढे येणाऱ्या रोग्यांसाठी पैसा बाजूला काढून ट्रस्ट करावा लागला. १९९४ साली कायद्यानेच या पद्धतीला मान्यता दिली आणि २०११ पर्यंत असे सुमारे साठ ट्रस्ट झाले. येथे खटला न लढता पुराव्यासह मागणी करता येते. पण पैसा थोडा आणि मागणारे फार. म्हणून मॅनव्हिल ट्रस्टसारख्या ठिकाणी दाव्याची जी किंमत ठरते तिच्या शंभर डॉलरांमागे दहासुद्धा हाती पडत नाहीत.

या तिन्ही वाटांनी एकाच वेळी जाता येते. कंपनीकडून पैसे आले म्हणून अपंगत्वाचा भत्ता कापत नाहीत. गरीब माजी सैनिकांसाठी गरजेवर आधारलेले जे वेगळे पेन्शन आहे, त्यात मात्र मिळकत मोजतात.

आता आमचा मुख्य मुद्दा. तिन्ही वाटांच्या तोंडाशी एकच प्रश्न उभा असतो : “तुम्ही त्या धुळीत होता, हे कशावरून?” रोग चाळीस वर्षांनी येतो, तितकी वर्षे कागद जगतो काय? १९७३ च्या जुलैमध्ये सेंट लुईस येथील लष्करी दप्तरखान्याला आग लागली आणि भूदल व हवाई दलाच्या एक कोटी साठ लाखांहून अधिक सैनिकांच्या फायली जळाल्या. आग दप्तरखान्यात लागली. तिची झळ मात्र कोठल्या तरी खेड्यातल्या म्हाताऱ्याच्या अर्जाला लागली. अशा वेळी सेवामुक्तीचा दाखला, कोणत्या तुकडीत कोणते काम केले याची नोंद आणि बरोबरीच्या दोन सोबत्यांची लेखी साक्ष यांवरच भिस्त ठेवावी लागते. हक्क कायद्याने दिला, पण तो सिद्ध करण्याचे ओझे ज्याला जिना चढवत नाही त्याच्याच खांद्यावर ठेवले.

हे सर्व दूरदेशीचे आहे असे समजू नका. आमच्याकडे एकदा एक निवृत्त कामगार आला होता. वीस वर्षे त्याने नळांना वेष्टणे बांधली होती. बायकोने पिशवीत क्ष-किरणांच्या काचा आणल्या होत्या. रोगाचा पुरावा भक्कम होता. आम्ही हजेरीपट शोधावयास गेलो. कारखाना बंद झाला होता आणि रजिस्टरे रद्दीत गेली होती. तो माणूस त्या कारखान्यात होता हे सांगणारा एक सोबती आम्हांला सापडला तो सव्वा वर्षाने. तोवर पिशवी घेऊन ती बाई एकटीच येऊ लागली होती.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली याच रोगाच्या प्रकरणात आदेश दिला, की ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांतील जे नंतर येईल तोवर जपावी. न्यायाधीशांनी रोगाचे गणित ओळखले होते. पण आदेश पाळला जातो की नाही हे पाहणारा कोणी हवा, आणि तो बाहेरून येणार नाही.

म्हणून सभागृहातून जाताना एवढेच करा. घरात धुळीच्या, धुराच्या, रसायनाच्या जागी काम केलेला कोणी असेल, तर आज रात्री त्याच्याजवळ वही घेऊन बसा. कारखाना, खाते, साल, मुकादमाचे नाव आणि शेजारी काम करणाऱ्या दोघांची नावे लिहून घ्या. खाली तारीख घाला, त्याची सही घ्या आणि ती वही रेशनकार्डाशेजारी ठेवा. तिची गरज कधीच न पडो. पण पडलीच, तर त्या दिवशी ती लिहून देण्याइतका दम त्याच्यात उरलेला नसेल.