खोबरेल नको, सिलिकॉन बरे!

क्लोनडॉकिनचा हिवाळा म्हणजे ओली जाकिटे, बंद खिडक्या आणि गाडीच्या पुढच्या काचेवर धरलेली वाफ. हवेचा झोत काचेकडे वळवावा, तर खटका जाम! नास रोडवर समोरचे न दिसणे जिवावर बेतू शकते.

मग घरातले तेल आठवते. पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते. इथल्या थंडीत ते घट्ट होऊन धूळ धरते. पेट्रोलियमयुक्त फवारेही टाळा. काही प्रकारच्या प्लास्टिकला त्यांनी तडे जाऊ शकतात.

डब्यावर ‘प्लास्टिकसाठी योग्य’ असे लिहिलेले सिलिकॉन ग्रीस घ्या. आधी मऊ ब्रशने धूळ काढा. मग कापूस गुंडाळलेल्या काडीने ग्रीसचा टिपका जाळीच्या पट्ट्यांच्या खुंट्यांना आणि सरकत्या खटक्याच्या खाचेला लावा. चार-पाच वेळा हलवा. जाळीत फवारा मात्र मारू नका. तो श्वासात जातो आणि काचेवर तवंग धरतो.

तरीही खटका हलेना, तर दोष आतल्या तारेत किंवा झडपेत असू शकतो. जोर लावू नका. काही मोडलेच, तर डॅशबोर्ड उघडण्याची मजुरी ग्रीसच्या डबीपेक्षा कितीतरी महाग पडते. मेकॅनिकला दाखवा आणि तोवर, मंडळी, खिडकी बोटभर उघडी ठेवा. काच स्वच्छ झाल्याखेरीज गाडी हलवू नका.