शाब्दिक उदाहरणे : आकडेमोडीपूर्वीचा विचार

गणिताच्या पाठ्यपुस्तकातील शाब्दिक उदाहरणे अनेक विद्यार्थ्यांना धास्तीची वाटतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार बिनचूक करणारा विद्यार्थीही त्याच क्रिया चार वाक्यांच्या मजकुरात दडलेल्या असल्या की अडखळतो आणि "यात गुणायचे की भागायचे?" असे शिक्षकांना विचारतो. वस्तुतः ही अडचण आकडेमोडीची नसून वाचनाची व विचाराची आहे.

अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर घेण्यात आलेल्या एका चाचणीतून हे स्पष्टपणे दिसून आले. एका बसगाडीत ३६ सैनिक बसतात. १,१२८ सैनिकांना न्यावयाचे असल्यास किती गाड्या लागतील, असा प्रश्न १३ वर्षे वयाच्या मुलांना विचारण्यात आला होता. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. परंतु ३२ हे योग्य उत्तर देणारी मुले अवघी २३ टक्के होती. अनेकांनी "३१, बाकी १२" असे लिहिले. बाकी राहिलेल्या १२ सैनिकांनाही गाडी हवी, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

हाच भागाकार कायम ठेवून प्रश्न बदलून पाहावा. किती गाड्या पूर्ण भरतील, असे विचारल्यास उत्तर ३१ येते. शेवटच्या गाडीत किती सैनिक असतील, असे विचारल्यास १२. क्रिया एक, उत्तरे तीन. त्यांपैकी कोणते द्यावयाचे, हे आकडे सांगत नाहीत. प्रश्नातील शब्द सांगतात.

'लीलावती'तील वेळू

विचार करावयास लावणाऱ्या उदाहरणांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांचा 'लीलावती' हा ग्रंथ अशा उदाहरणांनी समृद्ध आहे. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.

'लीलावती'तील एक उदाहरण असे : ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. वेळू किती उंचीवर मोडला?

येथे मजकुरात उघडपणे न सांगितलेल्या दोन गोष्टी प्रथम ओळखाव्या लागतात. मोडला तरी वेळूची एकूण लांबी ३२ हातच राहते आणि उभा राहिलेला भाग जमिनीशी काटकोन करतो. आकृती काढताच काटकोन त्रिकोण दिसू लागतो. कललेला भाग हा त्याचा कर्ण. कर्णाच्या वर्गातून उभ्या बाजूचा वर्ग वजा केल्यास पायाचा वर्ग, म्हणजे २५६, उरतो. वर्गांची ही वजाबाकी त्या दोन लांबींची बेरीज व त्यांतील फरक यांच्या गुणाकाराइतकी असते. बेरीज ३२ आहे. म्हणून फरक ८. ज्यांची बेरीज ३२ व फरक ८ अशा संख्या २० आणि १२. म्हणजेच वेळू १२ हातांवर मोडला. प्रत्यक्ष आकडेमोड दोन ओळींची; खरे काम त्यापूर्वीचेच.

चार पायऱ्या

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात उदाहरण सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : प्रश्न समजून घेणे, रीत ठरविणे, ती अमलात आणणे आणि मागे वळून उत्तर तपासणे. यांपैकी पहिली व शेवटची पायरी घाईमुळे वगळली जाते.

वही व पेन्सिल मिळून ११ रुपये पडतात आणि वही पेन्सिलीपेक्षा १० रुपयांनी महाग आहे. तर पेन्सिलीची किंमत किती? "एक रुपया" हे उत्तर चटकन ओठांवर येते. परंतु ताळा करून पाहिल्यास वही १० रुपयांची ठरते व फरक ९ रुपयेच राहतो. योग्य उत्तर ५० पैसे हे आहे.

शिक्षकांनी व पालकांनी उदाहरण सोडविण्यास देण्यापूर्वी ते विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावावे. काय दिले आहे, काय विचारले आहे आणि काय न सांगता गृहीत धरले आहे, हे त्याच्या तोंडून यावे. आकृती काढण्याची सवय लावावी. उत्तर चुकल्यास "चूक" असा शेरा मारून न थांबता ते कसे आले, हे विचारावे. एखादे उदाहरण दोन रीतींनी सोडविणे हे एकाच रीतीने दहा उदाहरणे सोडविण्यापेक्षा पुष्कळदा अधिक उपकारक ठरते.

अभ्यासासाठी 'लीलावती'तीलच आणखी एक उदाहरण : तळ्यातील कमळ पाण्यावर अर्धा हात दिसत होते. वाऱ्याने ते कलत गेले आणि मूळ जागेपासून २ हातांवर पाण्यात बुडाले. पाण्याची खोली किती? आकृती काढून, देठाची लांबी बदलत नाही हे ध्यानात घेऊन विद्यार्थ्यांनी ते स्वतः सोडवावे आणि त्यानंतरच पुढील ओळ वाचावी.

उत्तर : पावणेचार हात.