नाशिकच्या माथ्यावरील सूर्य आणि चंद्र

वैशाखाचें ऊन तापूं लागलें म्हणजे नाशकांत दुपारीं घराबाहेर पडलेला मनुष्य ‘सूर्य अगदीं डोक्यावर आला’ असें म्हणतो. बोलण्यापुरतें तें ठीक आहे. परंतु अक्षरशः पाहतां सूर्य नाशिकच्या माथ्यावर वर्षांतून दोनच दिवशीं येतो. एक दिवस २० मेच्या आसपासचा, दुसरा २३ जुलैच्या आसपासचा. शाळेंत शिकलेला २१ जून मनांत धरून पुष्कळ सुशिक्षित माणसेंही येथें घोटाळ्यांत पडतात. तो मान कर्कवृत्ताचा. आणि सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे.

हा प्रकार घरबसल्या पाहण्याची सोय आतां झाली आहे. स्टेलेरियम नांवाचें सॉफ्टवेअर संगणकावर विनामूल्य घेतां येतें, व कोणत्याही गांवचें, कोणत्याही क्षणाचें आकाश तें पडद्यावर उभें करतें. प्रथम मात्र गांव नीट सांगावें लागतें: उत्तर अक्षांश २०, पूर्व रेखांश ७३.८. हें विसरलें तर भलत्याच मुलखाचें आकाश पुढें येतें आणि पाहणारा गणिताला दोष देत बसतो. दुसरी सावधगिरी वेळेची. घड्याळांत बारा वाजणें म्हणजे नाशिकचा माध्यान्हकाळ नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावरची, नाशिक त्याच्या पश्चिमेस, म्हणून येथील माध्यान्ह सरासरीनें ३५ मिनिटें उशिरां होतो. तोही स्थिर नसतो. नोव्हेंबरच्या आरंभीं तो १२ वाजून १८ मिनिटांनीं, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४९ मिनिटांनीं येतो. पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेचा व तिच्या कललेल्या आंसाचा हा एकत्रित परिणाम होय.

आतां पडद्यावर याम्योत्तर वृत्त दाखवावें, वेळ १२.३५ वर स्थिर ठेवावी आणि तारीख एकेक दिवसानें पुढें सारावी. २२ डिसेंबरला दक्षिण क्षितिजावर साडेसेहेचाळीस अंशांपर्यंतच चढणारा सूर्य हळूहळू वर सरकतो, मेमध्यें माथा गांठतो, आणि तेथें न थांबतां उत्तरेकडे उतरतो. २१ जूनला तो माथ्याच्या सव्वातीन-साडेतीन अंश उत्तरेस असतो व तेथून परत फिरतो. सूर्योदयाची जागाही याच सहा महिन्यांत क्षितिजावर सुमारें ५० अंश सरकते.

पडद्यावरचें हें सारें खरें कशावरून? त्याची परीक्षा एका काठीनें होते. गच्चीवर ओळंब्यानें सरळ उभी केलेली एक मीटरची काठी २२ डिसेंबरच्या माध्यान्हीं उत्तरेकडे सुमारें ९५ सेंटिमीटर सावली टाकते. २० मेच्या सुमारास ती सावली नाहींशी होते. २१ जूनला अवघ्या ६ सेंटिमीटरांची, परंतु दक्षिणेकडे पडलेली, सावली दिसते. सूर्याकडे थेट पाहण्याचें कारणच पडत नाहीं. तसें कोणीं पाहूंही नये. ही काठी म्हणजेच जुन्या ज्योतिषांचा शंकु. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ ग्रंथांत त्याचा उपयोग सांगितला आहे, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें ज्या पाटणें गांवीं मठ स्थापिला, तें चाळीसगांवाजवळ, म्हणजे नाशिकच्या शेजारच्याच जिल्ह्यांत आहे. शंकूला एकच अडचण: जुलैंतला दुसरा दिवस येतो तेव्हां नाशिकवर बहुधा ढगांचें छत असतें. म्हणून मेमध्यें काठीनें संगणकाची परीक्षा घ्यावी, आणि ती उतरली तर जुलैसाठीं त्यावर विसंबावें.

घरांत वाद व्हावा असा प्रश्न संक्रांतीचा. तिळगूळ वांटतांना उत्तरायण लागलें असें म्हणण्याची रीत आहे. परंतु १४ जानेवारीस पडद्यावरचा माध्यान्हसूर्य आपल्या नीचतम उंचीपासून दोन अंश वर चढलेला दिसतो. तो फिरला डिसेंबरांतच. अयनबिंदू ७२ वर्षांत सुमारें एक अंश सरकतो. सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं हे दोन्ही दिवस एकत्र होते.

चंद्राची गति याहून मौजेची. सूर्य वर्षांत जी उत्तर-दक्षिण फेरी करतो, ती चंद्र सव्वासत्तावीस दिवसांत उरकतो. पौर्णिमेला तो सूर्यासमोर असल्यामुळें मार्गशीर्षांतली पौर्णिमा उंच व आषाढांतली ठेंगणी असते. पण त्याची कक्षा सूर्यमार्गाशीं पांच अंशांनीं कललेली आहे, आणि तो कल १८.६ वर्षांत एक प्रदक्षिणा घालतो. त्यामुळें चंद्राची परमक्रांति कधीं साडेअठ्ठावीस अंश, कधीं केवळ सव्वाअठरा. नाशिकचे अक्षांश नेमके या दोहोंच्या मध्यें येतात. २०२४ च्या दत्तजयंतीस, १४ डिसेंबरच्या मध्यरात्रीं, चंद्र येथील माथ्याच्या उत्तरेस सात-आठ अंशांवरून गेला. उलट २०२५ च्या गुरुपौर्णिमेस तो दक्षिणेकडे ४५ अंशांपर्यंतही चढला नाहीं. संगणकांत २०३४ साल घालून पाहावें. त्या वर्षीं चंद्र नाशिकच्या माथ्यावर एकदांही येत नाहीं. डिसेंबरची पौर्णिमासुद्धां दीड-दोन अंश दक्षिणेसच राहते. दत्तजयंतीच्या त्या रात्रीं उत्तरेकडे तोंड करून चंद्र पाहिलेलें दहा वर्षांचें मूल तेव्हां वीस वर्षांचें असेल, आणि चंद्र पुन्हां तितका उत्तरेस येईल तेव्हां, २०४३ च्या सुमारास, एकोणतीस वर्षांचें.