‘करू वाटंना’ : प्राथमिक आरोग्यसेवेतील मानसोपचार आणि हिंगोलीची बोली

मनोविकारांवरील उपचार म्हणजे केवळ तज्ज्ञ डॉक्टरांचा प्रांत, ही समजूत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरीच ढिली झाली आहे. निद्रानाश, सततची खिन्नता, अकारण भीती, कामावरून उडालेले मन अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या माणसांपैकी बहुसंख्यांना रुग्णालयात राहण्याची गरज नसते. त्यांना थोड्या बैठकींत, ठराविक पद्धतीने, प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्या व्यक्तीने दिलेले साहाय्य पुरते. या साहाय्यास ‘अल्पतीव्रतेचा मानसोपचार’ असे म्हणता येईल. येथे ‘अल्प’ हे विशेषण रुग्णाच्या दुःखास लावलेले नाही, उपचाराच्या मात्रेस लावलेले आहे, हे प्रथमच ध्यानात घेतले पाहिजे. इंग्लंडमध्ये २००८ पासून या कामासाठी स्वतंत्र सेवकवर्ग उभा करण्यात आला. त्यांना सुमारे एक वर्षाचे शिक्षण देतात. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या या व्यवस्थेत त्यांचे स्थान खालच्या पायरीवर असते; जो तेथे बरा होत नाही, त्यास वरच्या पायरीकडे पाठवावयाचे. तेथील सेवकाचा बराच भार मात्र छापील पुस्तिकांवर असतो. रुग्णाने घरी वाचावे, तक्ता भरावा आणि सेवकाने दूरध्वनीवरून विचारपूस करावी, अशी ही रीत आहे. म्हणजे ती लिखित भाषेच्या पायावर उभी आहे.

हीच कल्पना मराठी मुलुखाच्या शेजारी गोव्यात बोललेल्या भाषेच्या पायावर उभी राहिली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या सहकार्याने विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील २४ प्राथमिक उपचार केंद्रांवर ‘मानस’ नावाची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकाची मदत मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के सहा महिन्यांत बरे झाले. जेथे अशी मदत नव्हती तेथे हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही, ही गोष्टही विसरता कामा नये. पुढे २०१७ मध्ये दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीव्र स्वरूपाच्या खिन्नतेने ग्रासलेल्यांना सहा ते आठ बैठकी देण्यात आल्या होत्या. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्क्यांची लक्षणे ओसरली. नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात ३९ टक्क्यांची. बैठकी देणाऱ्यांस मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नव्हते. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतील ‘विश्राम’ कार्यक्रमाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तेथे खिन्नतेने पीडित असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव या पाच तालुक्यांचा जिल्हा. कापूस, सोयाबीन व हळद यांवर त्याची मदार आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, तेव्हा निवडलेल्या मराठवाडा-विदर्भातील चौदा जिल्ह्यांत हिंगोलीचा समावेश होता. घरोघर जाऊन प्रश्न विचारण्याचे काम आशा कार्यकर्तींकडे आले. त्याशिवाय तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा जी तपासणी-यादी भरते, तीत मनःस्थितीविषयीचे दोन प्रश्न असतात : गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वा आनंद वाटेनासा झाला आहे काय, आणि खिन्न, निराश वाटते काय. गुण ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास ती त्या व्यक्तीस उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठविते. तेथून प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय. कागदावर ही साखळी सुबक आहे. परंतु तिची पहिली कडी म्हणजे एका बाईने दुसऱ्या माणसास ओसरीवर बसून विचारलेला प्रश्न होय, आणि तो प्रश्न कोणत्या मराठीत विचारला जातो यावर पुढचे सारे अवलंबून आहे. ही कडी वैद्यकापेक्षा भाषाशास्त्राच्या अधिक जवळची आहे. तिचा विचार मात्र भाषेच्या अभ्यासकांनी फारसा केलेला नाही.

दोन प्रश्नांतील पहिलाच घ्यावा. ‘कामात रस’ ही ग्रांथिक रचना आहे. निंदणी-खुरपणीस जाणाऱ्या बाईस त्या कामात रस आहे काय असे विचारणे म्हणजे तिला कोड्यात टाकणे. रस असो वा नसो, रोज बुडवून चालत नाही. ती ‘तसं काही नाही’ म्हणेल आणि रकान्यात शून्य पडेल. याच बाईच्या तोंडी स्वतःहून येणारे वाक्य निराळे असते : ‘कायीच करू वाटंना.’ प्रमाण मराठीतील ‘करावेसे वाटत नाही’ याचे हे बोलीरूप. तिच्या बोलण्यात असेच पुष्कळ सापडते : ‘जेवू वाटंना’, ‘कुणाशी बोलू वाटंना’, ‘मन लागंना’, ‘करमंना’. प्रश्नावलीच्या पहिल्या कलमात जे विचारावयाचे आहे, नेमके तेच या रूपांत बसलेले आहे.

या रूपांची दोन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. पहिले असे की, येथे अनुभव घेणारा माणूस कर्ता नसतो. ‘मला वाईट वाटते’, ‘मला झोप येत नाही’, ‘मला काही सुचत नाही’ या सर्व वाक्यांत माणूस चतुर्थीत उभा आहे. वाटणे, येणे, सुचणे हे त्याच्यावर येऊन आदळते. इंग्रजीत ‘मी खिन्न आहे’ अशा घाटाचे वाक्य सहज होते; मराठीत ते अनुवादित वाटते. दुसरे वैशिष्ट्य ‘-ना’ या नकाराचे. ‘झोप लागत नाही’ ही कायमची सवय असू शकते. ‘झोप लागेना’ म्हटले की लागावयास हवी होती, प्रयत्न केला, तरी लागली नाही, असा अर्थ डोकावतो. बोलीत हा नकार सर्रास येत असल्याने एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही हे खरे. परंतु त्यास ‘झालंय’ जोडले गेले, ‘काही सुचंना झालंय’ असे कोणी म्हणाले, की स्थितीत बदल झाल्याची स्पष्ट कबुली मिळते. परीक्षकास हवा असतो तो हाच बदल. तो कधीपासून झाला, एवढेच विचारावयाचे उरते.

‘कधीपासून’ हेही सोपे नाही. प्रश्नावलीस दोन आठवड्यांचा काळ अभिप्रेत आहे. आठवडा आठवडी बाजारामुळे सर्वांच्या परिचयाचा असला, तरी ‘गेल्या चौदा दिवसांत किती दिवस’ असे गणित ओसरीवर कोणी मांडीत नाही. मराठीस मात्र पंधरवडा हा घडीव शब्द आहे. अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंतचा काळ निरक्षर म्हातारीसही अचूक ठाऊक असतो. ‘आवसेपासून रोजच असं होतंय का, का मधूनमधून?’ असा प्रश्न केला, तर मिळणारे उत्तर प्रश्नावलीच्या खुणांशी बेताबाताने जुळते. दोन बाजारांचे अंतरही याच कामी येते.

आता ‘टेन्शन’ या शब्दाकडे वळू. हा शब्द इंग्रजीतून आला आणि पक्का मराठवाडी झाला. त्यास जोडलेले क्रियापद पाहण्यासारखे आहे. ‘टेन्शन येतं’ म्हटले की दोष कोणाचाच नाही. ‘टेन्शन घेतो’ म्हटले की तो माणूसच ते ओढवून घेत आहे असे ठरते. ‘मनाला लागणे’ आणि ‘मनाला लावून घेणे’ यांतही हाच भेद आहे. गावातील सांत्वन बहुधा दुसऱ्या साच्यातले असते : टेन्शन घेऊ नको, मनाला लावून घेऊ नको, इतका विचार करू नको. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु ऐकणाऱ्याच्या दुःखावर अपराधाचा थर चढतो. शिक्षित सेवकास सर्वांत आधी हाच साचा टाकून द्यावा लागतो. त्याच्या आड पुन्हा आपल्या परिभाषेनेच एक धोंड ठेवली आहे. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसला आहे. समुपदेशनास जावयाचे म्हणजे चार समजुतीच्या गोष्टी सांगावयाच्या, असे नव्या कार्यकर्तीस वाटले तर तिला बोल लावता येत नाही. शब्द घडविणाऱ्यांनी संस्कृत व्युत्पत्ती पाहिली. ओसरीवरचा अर्थ पाहिला नाही.

झिंबाब्वेतील शोना भाषकांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्यांच्यात या दुखण्यास ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, असा शब्द आहे. हरारे येथे डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘मैत्रीच्या बाका’वर दवाखान्यातील प्रौढ सेविका याच शब्दापासून बोलणे सुरू करतात, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीचा गुण दिसून आला. ‘डोक्यात लई विचार येतात’ हे हिंगोलीकडील वाक्य त्याचे सख्खे भावंड शोभेल. रोगाचे नाव न घेताही रोगाविषयी बोलता येते, हा त्यातील व्यावहारिक लाभ.

उपचाराचा गाभा कोणता, हेही याच व्याकरणातून स्पष्ट होते. गोव्यातील २०१७ च्या चाचणीतील पद्धत कृतीस चालना देण्याची होती. खिन्न माणूस वाटण्याची वाट पाहतो : वाटले तर उठेन, वाटले तर जाईन. वाटत नाही म्हणून तो करीत नाही. करीत नाही म्हणून समाधानाचे प्रसंग घटतात आणि आणखी वाटेनासे होते. सेवक हे चक्र ‘वाटण्या’च्या टोकाने न धरता ‘करण्या’च्या टोकाने धरतो. वसमतकडील एखादी चाळिशीची बाई कल्पावी. हळद काढणीचे दिवस आहेत. ती कामावर जाते, पण परतल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहते, शेजारणीकडे जाणे तिने सोडले आहे. सेविका तिला ‘काकू, मन घट्ट करा’ असे म्हणत नाही. ‘काकू, आधी दिवेलागणीला कुणाच्या ओट्यावर बसायच्या?’ असे विचारते. मग ठरते ते इतकेच : या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत तीन सांजा त्या ओट्यावर जावयाचे, वाटो वा न वाटो. लिहिता येत नसेल तर कोळशाची रेघ पुरते. पुढील भेटीत रेघा मोजतात आणि त्या दिवशी जीव किती हलका झाला हे विचारतात. ‘मला करू वाटंना’ या वाक्यातील चतुर्थीतली बाई ‘मी गेले होते’ या वाक्यात कर्ता होऊन येते. हे केवळ व्याकरणाचे रूपक मानू नये. भेटीगणिक तिच्या वाक्यांची ही ठेवण ऐकणे हा सेविकेच्या कानाचा उत्तम अभ्यास ठरेल. कर्जाचा आकडा यामुळे कमी होत नाही, हे सांगितलेच पाहिजे.

सर्वांत कठीण प्रश्न मरणाच्या विचाराचा. येथे बोली दोन तऱ्हांनी फसविते. ‘देवानं आता न्यावं’ हे म्हातारपणीचे नित्याचे वाक्य. ते ऐकून दरवेळी धास्तावणे जसे चुकीचे, तसेच म्हातारे माणूस असेच बोलते म्हणून सोडून देणेही चुकीचे. दुसरा फसवा शब्द ‘औषध’. फवारणीचे विष शेतकऱ्याच्या बोलीत औषधच असते. रक्तदाबाचा रोगी औषध घेतो आणि जीव द्यावयास निघालेला माणूसही औषधच घेतो. ‘औषध पिलं’ म्हटले की मात्र अर्थ एकच राहतो. ‘औषध घेतो म्हणत होता’ हे घरच्यांचे वाक्य सेविकेने कोणत्या अर्थाने टिपले, यावर एक जीव अवलंबून असू शकतो. यास्तव आडून विचारण्यात हित नाही. ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ हा प्रश्न सरळ करावा. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही भीती निराधार आहे. होकार आल्यास गुणांची बेरीज बाजूस ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावयाचे आणि तोवर त्या माणसास एकटे सोडावयाचे नाही. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवाही आहे. ‘फवारणीचं औषध कुठं ठेवता?’ हा प्रश्न तर लेकराबाळांच्या निमित्ताने कोणत्याही घरी संकोचावाचून विचारता येतो, आणि ते कुलुपात किंवा घराबाहेर ठेवविता येते.

परंतु हा सरळ प्रश्न करणार कोण? आशा ही नियमाप्रमाणे त्याच गावची रहिवासी असते आणि बहुधा विवाहित. म्हणजे ती गावची सून असते. गावातील वडीलधारे तिचे ‘मामा’ किंवा ‘आबा’ लागतात. त्यांच्यापुढे ती पदर सावरून, अहोजाहो करून, थोडक्यात बोलते. सासऱ्याच्या वयाच्या शेतकऱ्यास मरणाचे विचार येतात काय हे तिने विचारावे, अशी अपेक्षा करणारा नात्यांचे व्याकरण मोडावयास सांगत असतो. बाईमाणसांत हाच नातेसंबंध तिला दार उघडून देतो. पुरुषांपुढे तोच दार लावून घेतो. पुरुषांसाठी समुदाय आरोग्य अधिकारी अथवा गावाबाहेरचा समुपदेशक नेमणे हा खर्चाचा नव्हे, संबोधनाचा प्रश्न आहे. कागदावर मात्र सर्वांसाठी एकच प्रश्नकर्ती असते.

कळमनुरी-औंढ्याकडील तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते, हिंगोली शहरातील कित्येक घरांत दखनी. तेथील सेविकेस मराठी प्रश्नाचे भाषांतर उभ्याउभ्या करावे लागते. ‘करू वाटंना’ याला गोरमाटीत आणि दखनीत नेमके काय म्हणतात, याची नोंद करून ती उपकेंद्रावर ठेवणे हे एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका उन्हाळ्याचे काम आहे.